नागुमोच्या कॅमेऱ्यातली मित्सुए

क्योतो, ९ ऑक्टोबर १९७७

श्री. तोकुजी नागुमो यांस,

पत्राच्या आरंभी ऋतूविषयी दोन सुंदर वाक्यं लिहिण्याची आपल्याकडची रीत मी मोडत नाही. इथे ऑक्टोबर आहे. ओतारूलाही असावा, असा अंदाज.

तीन वर्षांनी माझं अक्षर दिसल्यावर तुम्ही पाकीट आधी उजेडाकडे धरून पाहिलं असेल. आत धमकी नाही, निमंत्रण नाही, क्षमायाचना तर नाहीच नाही. एक काम आहे, आणि कामाच्या आधी जुन्या सवयीने थोडा वाद.

वाद तोच. परवा आपल्या फोटो मंडळाच्या मासिक बैठकीत अध्यक्ष कुराहाशि दुकानातून तसेच उठून आले होते, हाताला लोणच्याचा वास. माझा निकॉन कॅमेरा टेबलावर पाहून म्हणाले, "हिराइवा-सान, नागुमो-सानचा तो ऑलिंपस आल्यापासून तुमचा हा म्हणजे देवळातली घंटा झालाय. जड, आणि वाजतो फार."

मी म्हटलं, "घंटा वाजते म्हणून तर आत कुणीतरी आहे हे कळतं."

सगळे हसले. माझ्या बाजूने हसले की मला हसले, याचा निर्णय मी अजून केलेला नाही.

आता तुमच्यासमोर पुन्हा एकदा सिद्धांत मांडतो. निकॉनच्या खिडकीत जेवढं दिसतं तेवढं सगळं फिल्मवर येतं, आणि फिल्मवर येतं ते सगळं खिडकीत दिसतं. तुमच्या ऑलिंपसच्या खिडकीत चित्र मोठं दिसतं, हे मान्य. पण कडेची थोडी पट्टी तो तुमच्यापासून लपवून ठेवतो. लपवाछपवी करणाऱ्या वस्तू मला आवडत नाहीत. आणि आवाजाचं म्हणाल, तर निकॉनचा पडदा पडला की समोरच्या माणसाला कळतं की आपला फोटो निघाला. याला सभ्यता म्हणतात. तुमचा कॅमेरा हलकाच श्वास सोडतो आणि काम उरकतो. असं काम चोर करतात.

आता मुद्दा. इने गावच्या बंदराच्या धक्क्यावर, मंडळाच्या सहलीत तुम्ही काढलेला माझ्या पत्नीचा फोटो. ज्याला प्रांताच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं, आणि ज्याविषयी मी मंडळाच्या पत्रिकेत 'हास्य उत्तम, परंतु नजर भिंगाला चुकवून गेल्याने चित्र अपुरं' असं लिहिलं. आजही लिहीन. त्या फोटोची निगेटिव्ह हवी आहे. मंडळ जुन्या बक्षीसपात्र चित्रांचं प्रदर्शन भरवतंय. निगेटिव्ह कुणी कुणाच्या हातात देत नाही, हा मंडळाचा दंडक मला ठाऊक आहे. तो तुम्हाला मीच शिकवला होता.

मित्सुए बरी आहे. पोटाची जराशी कुरकुर.

सेत्सुओ हिराइवा


२३ ऑक्टोबर

नागुमो यांस,

तुमचं कार्ड मिळालं. त्यावर एकच ओळ: 'कुराहाशिंना फोन केला, प्रदर्शन वगैरे काही नाही म्हणाले, खरं काय ते लिहा.'

जन्मभर विद्यार्थ्यांना पूर्वपक्ष कसा तपासावा ते शिकवलं, आणि स्वतः खोटं बोलताना साक्षीदाराशी बोलून ठेवायचं सुचलं नाही. असो. निगेटिव्ह मित्सुएला हवी आहे.

मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या संध्याकाळी ती सानमा भाजत होती आणि मी सोबतीचा मुळा किसत होतो. माशाच्या धुराने घर भरलेलं. ती पाठमोरीच म्हणाली, "अहो, नागुमो-साननी काढलेला तो फोटो आहे ना, त्याची एक मोठी प्रत करून ठेवू या."

"कशाला?"

"लागेल तेव्हा हाताशी असावी."

"पण लागेल कशाला?"

"देवळाच्या घरात जन्मलात तुम्ही. अंत्यविधीला फोटो कशाला लागतो हे मी सांगू?"

पुढच्या महिन्यात तिचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी अल्सर सांगितला आहे. मी म्हटलं, अल्सरने कुणी मरत नाही. ती म्हणाली, "नाही ना मरत? मग नुसत्या फोटोला काय घाबरता?"

तुम्ही व्यापारी घरातले, तुम्हाला कल्पना नसेल. मी लहानपणापासून वेदीवरचे ते फोटो पाहत आलो आहे. माणूस गेला की घरचे धावपळ करून लग्नातला एखादा घोळक्याचा फोटो शोधतात. त्यातून डोकं कापतात, खांद्याशी मेव्हण्याचा कान राहतो. मग स्टुडिओवाला ते डोकं त्याच्याकडच्या तयार काळ्या किमोनोवर चिकटवतो. आमच्या गल्लीतल्या तांदूळवाल्याची मान तर मेल्यानंतर चांगली चार बोटं वाढली होती. त्याची बायको मंत्र चालू असताना सारखी तिकडे बघत होती.

"मला कुणाच्या किमोनोवर बसवू नका," मित्सुए म्हणाली. "मला माझ्या कपड्यांत राहू दे."

"माझ्याकडे तुझे शेकडो फोटो आहेत."

"आहेत ना. सगळ्यांत मी दाताच्या डॉक्टरकडे बसलेय."

जेवण झाल्यावर पेट्या काढल्या. पाहिलं. ती म्हणते ते खरं आहे, हे तुम्हाला लिहिताना पेन अडखळतंय. लग्नानंतरच्या पहिल्या फोटोपासून परवाच्या मेपल बागेपर्यंत एकच मुद्रा: ओठ घट्ट, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मी कारण विचारलं. म्हणाली, "तुमचा तो आता वाजणार, आता वाजणार, म्हणून डोळे आधीच मिटतात. चांदीच्या वाटीवर कुणी चमचा मारावा तसा वाजतो तो."

याला मी सभ्यता म्हणत होतो.

बौद्ध तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी मुलांना चित्ताचे दोन क्लेश वेगळे करून शिकवतो. दुसऱ्याचं भलं पाहून जळणं ती ईर्ष्या, आणि आपल्याजवळचं सोडवत नाही ते मात्सर्य. जुन्या आचार्यांच्या मते हे दोन्ही एकाच चित्तात एकाच क्षणी उठत नाहीत. आचार्य ब्रह्मचारी होते. तुमच्याजवळ तिचं हसू आहे म्हणून मी जळतो, आणि ते हसू मुळात माझ्या घरचं आहे म्हणून ते तुमच्याजवळ राहू द्यायला मी तयार नाही. दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही उत्तम प्रकृतीत.

तिचं हसू तुमच्या कपाटात आणि मिटलेले डोळे माझ्या पेटीत, ही वाटणी मला मान्य नाही. निगेटिव्ह पाठवा.

हिराइवा


६ नोव्हेंबर

तोकुजी,

रागात औपचारिकपणा टिकत नाही, म्हणून यापुढे जुन्यासारखं 'तू'.

निगेटिव्ह मागितली, तर तू कॅमेरा पाठवलास. भुश्शात गुंडाळलेला तुझा तो ऑलिंपस, आत फिल्म भरलेली, आणि सोबत चिठ्ठी: 'इतकी वर्षं तू म्हणतोस की तो फोटो माझ्या हाताने नाही, या गुपचूप कॅमेऱ्याने काढला. मग घे हा. तूच काढ. निगेटिव्हचं नंतर बघू.' एखाद्याच्या घरी त्याच्या बायकोसाठी आपली तलवार पाठवावी, तसा हा प्रकार आहे. मित्सुएने पुठ्ठ्याचा खोका जपून ठेवला. म्हणाली, "भुस्सा चांगला आहे, सफरचंदं ठेवता येतील." ओतारूचा भुस्साही तिला आवडतो, हे माझ्या ध्यानात आलं.

आठवडाभर तो माझ्याबरोबर फिरतोय. न्यायाने बोलायचं तर हलका आहे. निकॉन गळ्यात घातला की मान झुकते, आणि झुकलेल्या मानेने माणूस नम्र दिसतो. हा घातला की विसरायला होतं. परवा त्याच्यासकट आंघोळीला निघालो होतो. खिडकीत पाहिलं तर खोलीच आत आल्यासारखी वाटते. हे मी कुराहाशिंना सांगणार नाही.

पण याची रचना ज्याने केली त्याला सगळ्या गोष्टी इतरांहून उलट्या जागी ठेवायचं व्रत असावं. निकॉनवर पडद्याच्या वेगाची चकती वर, उजव्या बोटाखाली असते. जगात तिथेच असते. तुझ्या कॅमेऱ्यावर तिथे तशीच चकती पाहून मी तिचा खटका दाबून मोठ्या विश्वासाने फिरवत राहिलो. दोन दिवसांनी कळलं की ती फिल्मच्या जातीची चकती आहे. वेगाचं कडं खाली, भिंगाच्या मुळाशी. डाव्या हाताने वेगही बदलायचा, छिद्रही, आणि स्पष्टताही तिथेच जुळवायची. एकाच गळ्यात तीन बांगड्या. उजवा हात नुसता मानाचा पाहुणा. लेन्स बसवायची तीही माझ्या सवयीच्या उलट बाजूला फिरवून. फिल्म भरताना मात्र तुझ्या कॅमेऱ्याचं मागचं दार बिजागरीवर उघडतं आणि तिथेच लटकत राहतं, हे बरं आहे. माझ्या निकॉनची पाठ तळासकट सगळीच सुटून हातात येते, आणि मग ती ठेवायची कुठे हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने पडतो.

इतकं कॅमेऱ्यांबद्दल लिहिलं, कारण दुसरं लिहायचं टाळतोय. अल्सर हा तिच्यासाठी ठरवलेला शब्द आहे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून खरा शब्द सांगितला. संस्कृतात त्या रोगाला खेकड्याचं नाव आहे. आपल्याकडे तो रोग्याला सांगायचा नाही अशी पद्धत, म्हणून मी घरी आलो आणि तिला म्हटलं, "साधा अल्सर." ती म्हणाली, "बरं झालं," आणि भांडी घासायला गेली. नळ नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ चालू होता.

तर आता तुला कळलं की फोटो नुसता हौसेचा नाही. तो माझ्या हातचा असावा असं मला फार वाटतं. तिच्यासमोर उदबत्ती लावताना, प्रत्येक सकाळी, तू काढलेल्या चित्रापुढे मी हात जोडायचे? जोडीन, पण दात आवळून जोडीन, आणि ते तिला वरून दिसेल.

रविवारी काढतो. ऊन चांगलं आहे.

सेत्सुओ


२० नोव्हेंबर

तोकुजी,

ऐक, काय झालं ते.

मित्सुए व्हरांड्यात बसून तुरट पर्सिमनची फळं सोलत होती, वाळत लावायची म्हणून. मी तुझा ऑलिंपस घेऊन समोर अंगणात बसलो, गुडघ्यावर.

"अहो, काय चाचपताय एवढं?"

"वेग शोधतोय."

"कसला वेग? मी तर बसलेय एका जागी."

"तुझा नाही, पडद्याचा."

"वरची चकती फिरवा ना. तुमच्या निकॉनवर असते तशी."

"इथे ती वेगाची नाही."

"मग ती कशाला ठेवलीय?"

"नागुमोला विचार."

"तुम्हीच विचारा. तुम्ही बोलत नाही ना त्यांच्याशी, म्हणून कॅमेऱ्याशी भांडताय."

आणि ती हसली. खरं हसली, डोळे उघडे ठेवून. तो मोठा चौकोन तिच्या चेहऱ्याने भरला. जरा अस्पष्ट होती, एवढंच. माझा डावा हात आपणहून फिरला, पंधरा वर्षं फिरत आला आहे त्या बाजूला. आणि मित्सुए धुक्यात गेली. मला वाटलं, कमी फिरवलं, आणखी फिरवलं. ती आणखी लांब गेली. निकॉनचं कडं ज्या बाजूला वळवलं की माणूस जवळ येतो, त्या बाजूला तुझं वळवलं की माणूस दूर जातो. हे मला माहीत होतं. आठवडाभर घोकलं होतं. हाताला माहीत नव्हतं. तिचं हसू संपत आलं तसं मी घाबरून बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"काढला?" तिने विचारलं.

"काढला."

"आवाजच नाही आला. मग आता तोंड बंद करू?"

गाद्या ठेवायच्या कपाटात बसून फिल्म धुतली. सगळ्या चौकटींत पुढे एक पांढुरकं धुकं, आणि त्यामागे शेजाऱ्यांनी उन्हात टाकलेली गादी, टाक्याटाक्यासकट स्पष्ट. मित्सुएने निगेटिव्ह खिडकीशी धरून पाहिली.

"गादी छान आलीय हो," ती म्हणाली. "ओगावाबाईंना एक प्रत द्या."

 मग निगेटिव्ह खाली ठेवून तिने विचारलं, "तुमचा नागुमो-सानवर एवढा राग का, खरंच? बक्षिसाचा?"

"बक्षीस जाऊ दे. तू त्याच्याकडे बघून तशी हसलीस. माझ्याकडे बघून कधी नाही."

 "त्यांच्याकडे? मी त्यांच्याकडे कुठे बघत होते? ते मध्ये आले. मी तुमच्याकडे बघत होते."

मग तिने मला इनेचा धक्का सांगितला, जिथे मी हजर होतो. वारा सुटला होता. मी फिल्म बदलायला घेतली. निकॉनची पाठ सुटली, ठेवायला जागा नाही, म्हणून ती मी हनुवटीखाली दाबली. नवीन फिल्मचं टोक दातांत. तेवढ्यात टोपी उडाली, आणि मला मित्सुएला हाक मारता येईना, कारण तोंड उघडलं तर फिल्म जाणार, आणि मान वर केली तर पाठ समुद्रात. मी म्हणे टोपीच्या मागे नुसते डोळे फिरवत उभा राहिलो. गंभीरपणे. जणू टोपीलाच निरोप देत होतो. टोपी गेली हे मला आठवतं; बाकी मी पाहिलं नाही, कारण मी फिल्म भरत होतो. तू मात्र वळून पाहिलं असणार, आणि मग तिच्याकडे वळलास.

म्हणजे तिची नजर भिंगाला चुकवून गेली नव्हती. भिंगाच्या मागे, तुझ्या खांद्यावरून, जिथे जायची तिथे पोचली होती. फक्त जो पोचलेल्या जागी उभा होता त्याच्या दातांत फिल्म होती. आणि तुला हे माहीत होतं. मी पत्रिकेत ते सगळं लिहिलं, तुझी ओतारूला बदली झाली, स्टेशनवर सगळं मंडळ आलं आणि मी आलो नाही, तरी तू बोलला नाहीस.

तुला वाटेल, आता माझं जळणं थांबलं असेल. उलट ते आता नीट पेटलंय. आधी वाटायचं, तुझ्यापाशी तिचं एक हसू आहे. आता कळलं की तुझ्यापाशी आहे ती तिची माझ्याकडे बघण्याची पद्धत. ती मला कधीच दिसत नाही. मी कॅमेरा लावला की ती कॅमेऱ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघितलं की ती विचारते, "काय हवंय?" मी दुसरीकडे कशात तरी अडकलेला असतो तेव्हाच ती तसं बघते. निकॉन असो की ऑलिंपस, ते चित्र जगात एकाच माणसाला काढता येत नाही, आणि तो माणूस मी.

गुरुवारी ऑपरेशन आहे.

सेत्सुओ


१८ डिसेंबर

तोकुजी,

निगेटिव्ह आली. आणि तुझी चिठ्ठी: 'तू विचारलं नाहीस.' एवढं बोलायला तीन वर्षं घेतलीस. तुझा कॅमेरा तुझ्यावरच गेलाय.

ऑपरेशन झालं. पोटाचा मोठा भाग काढला. भाताची पातळ पेज, चमच्याचमच्याने, दिवसातून बऱ्याच वेळा. डॉक्टर म्हणाले, "ठरल्याप्रमाणे झालं," आणि हे ते खिडकीकडे बघून म्हणाले. पुढचं वसंतात कळेल म्हणतात. पहिल्यांदा नीट बोलता आलं तेव्हा मित्सुएने मला विचारलं, "अल्सर निघाला का सगळा?"

"निघाला."

"सगळा?"

"हो गं."

"तुम्ही खोटं बोलताना नाक खाजवता," ती म्हणाली. "लग्नाच्या आधीपासून. राहू दे. पेज द्या."

त्यानंतर आमच्यात तो शब्द आलेला नाही. पण आता मला तिच्यासमोर नाक खाजवावं लागत नाही, आणि मन त्याने बरंच हलकं झालंय.

तुझी निगेटिव्ह मी कपाटात बसून मोठी केली. पाण्याखाली तिचा चेहरा हळूहळू येताना पाहिला.  पापण्यांचे केस मोजता येतील इतकं चित्र स्वच्छ आहे. मी दोष शोधत होतो आणि मला सापडत नव्हता, हे मी तुला एकदाच सांगतो. पुढे विचारलंस तर नाकारीन.

प्रत घेऊन इस्पितळात गेलो. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"ही कोण गुबगुबीत बाई?"

"तू."

"होते. आता नाही." तिने गालावर हात फिरवला. गाल आत गेलेत. "हा नाही चालायचा. लोक म्हणतील, हिराइवा-साननी दुसऱ्याच बाईचे मंत्र म्हटले. नवा काढायला हवा."

मी म्हटलं, "ऑलिंपसचं कडं आता मला जमेल. रोज सराव करतो."

"तुम्ही नाही. नागुमो-सानना बोलवा."

मला काय वाटलं ते तू जाणतोस, म्हणून लिहीत नाही. तिने ते माझ्या तोंडावर वाचलं आणि पुढे म्हणाली, "तुम्ही काढलात तर मी बघू कुणाकडे?"

म्हणून लिहितोय. तुझा कॅमेरा मी पोस्टाने पाठवत नाही; घ्यायला ये. प्लमला कळ्या येतील तोवर तिला फाटकापर्यंत चालता यावं, असा आमचा बेत आहे. झोपायला घरात गादी आहे; ओगावाबाईंच्या गादीचा फोटोही तू पाहशीलच. कुराहाशिंना अजून काही सांगितलेलं नाही, नाहीतर ते लोणच्याचं पिंप घेऊन स्टेशनवर येतील आणि भाषण करतील. या वेळी स्टेशनवर मी एकटाच असेन.

काम साधं आहे. तुला तिच्या आणि माझ्या मध्ये उभं राहायचं आहे. मी तुझ्या मागे थांबेन, कशात तरी अडकल्यासारखा. ते मला अभिनय न करता जमतं. ती माझ्याकडे बघेल आणि मिळेल ते तुला. हा व्यवहार मला मुळीच पटलेला नाही. लवकर ये.

सेत्सुओ